हमीपत्र आधी तुम्ही लिहून द्या

अमेरिकेच्या सरकारने आपल्या प्राध्यापकांसाठी एक नवा नियम काढला आहे. सरकारी पैशावर संशोधन करायचं असेल तर आधी 'संशोधन सुरक्षे'चा वर्ग करा, वर्ग केल्याची कबुली द्या, मगच अर्ज घेऊ. २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्यात ही अट आली. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ती २०२५ मध्ये लागू केली. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत वर्ग झालेला पाहिजे. वर्गात शिकवतात ते असं: परदेशी पैसा लपवू नका. परदेशी विद्यापीठाशी करार असेल तर उघड सांगा. बाहेरदेशी जाताना लॅपटॉप सांभाळा. कोण सहकार्याच्या नावाने गळ टाकतोय ते ओळखा. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया, या चार देशांची नावं त्यात ठळक.

तुम्ही म्हणाल, लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडात बसून तुला अमेरिकेच्या प्राध्यापकाचं काय पडलंय? आधी तुझ्या खात्यावर फेलोशिप जमा झाली का ते बघ. बरोबर आहे दोस्तांनो, तेच बघत होतो. बघता बघता ध्यानात आलं की या दोन्ही गोष्टी एकाच घरच्या आहेत. सरकार संशोधकाला पैसा देताना त्याच्याकडून काय लिहून घेतं आणि बदल्यात त्याला काय लिहून देतं, हा तो सवाल आहे. लिहून घेताना त्याचे कागद संपत नाहीत. लिहून द्यायची वेळ आली की शाई वाळते.

अमेरिकेत हे प्रकरण कसं वाढलं ते आधी बघू. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या न्याय खात्याने 'चायना इनिशिएटिव्ह' नावाची मोहीम काढली. चिनी हेर शोधायचे म्हणून निघाले आणि चिनी चेहऱ्याचे प्राध्यापक धरून आणले. एमआयटीचे गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली. वर्षभराने, जानेवारी २०२२ मध्ये, सरकारनेच खटला मागे घेतला. टेनेसी विद्यापीठाच्या अनमिंग हू यांना २०२० मध्ये पकडलं, २०२१ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोहीम गुंडाळली. पण मधल्या काळात माणसांची प्रयोगशाळा गेली, नाव गेलं, झोप गेली. त्याची भरपाई कोणत्या कलमाखाली मिळते?

संशयाला डोळे असतात. तो आधी चेहरा बघतो, आडनाव बघतो, मग पुरावा शोधायला निघतो. हे अमेरिकेतल्या चिन्याला २०१८ नंतर कळलं. गावकुसाबाहेरच्या माणसाला ते शिकायला कोणता वर्ग लागला नाही. गावात चोरी झाली की पोलिसाची गाडी पहिल्यांदा कोणत्या वस्तीत, कोणत्या तांड्यावर येते, हे मराठवाड्यातल्या शाळकरी पोराला विचारा.

आता आपल्या देशात या. इथे अजून अमेरिकेसारखा सक्तीचा सुरक्षा-वर्ग नाही. पण वर्गाशिवायच परीक्षा सुरू झालेली आहे.

१५ जानेवारी २०२१ ला केंद्राच्या शिक्षण खात्याने फर्मान काढलं. सरकारी विद्यापीठांनी परदेशी लोकांबरोबर ऑनलाइन परिषद घ्यायची असेल तर आधी परवानगी घ्या. विषय देशाच्या सुरक्षेचा, सीमेचा, ईशान्येचा, काश्मीर-लडाखचा किंवा 'देशाच्या अंतर्गत बाबींचा' नसावा. अंतर्गत बाब म्हणजे काय? जात ही अंतर्गत बाब. अत्याचार ही अंतर्गत बाब. खैरलांजी अंतर्गत, दुष्काळ अंतर्गत, ऊसतोड बाईचं काढलेलं गर्भाशयसुद्धा अंतर्गत. देशातल्या विज्ञान अकादम्यांनी विरोध केला म्हणून फेब्रुवारीत ते फर्मान मागं घेतलं. मागं घेतलं ते आदेश म्हणून. त्यामागची बुद्धी कुठे गेली नव्हती.

पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या दाराने आली, आणि या वेळी दार आपलं होतं. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप ही अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन शेतमजुरांच्या पोरांना परदेशी शिकायला पाठवणारी योजना. १९५४-५५ पासूनची. २०२२ च्या नियमांत सामाजिक न्याय मंत्रालयाने कलम घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, असे विषय घेऊन या पैशावर परदेशी जाता येणार नाही. म्हणजे महारा-मांगाच्या पोराने बाहेर जाऊन यंत्र शिकावं, औषध शिकावं. फक्त आपण महार-मांग का झालो ते तेवढं विचारू नये. मंत्रालयाचं नाव काय? सामाजिक न्याय! हसावं की थुंकावं?

९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात कशी जन्मली, कशी टिकते, हे त्याने परदेशी प्राध्यापकांपुढे मांडलं. तो शिकत होता सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे एका संस्थानाच्या सरकारी पैशावर. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. २०२२ चं कलम १९१३ मध्ये असतं तर त्याला तो विषय घेऊन जहाजात पाय ठेवता आला नसता.

आणि ही गोष्ट इथे संपत नाही. बडोद्यानेही करार करून घेतला होता. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असं भीमरावांनी लिहून दिलं होतं. त्यांनी शब्द पाळला. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर झाले. तिथे काय मिळालं? कचेरीतला शिपाई लांबून फायली टाकायचा. राहायला शहरात जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. कोलंबियात शिकून आलेला माणूस बेघर होऊन मुंबईला परतला. करारात एका बाजूची सही होती, ती त्याने निभावली. दुसऱ्या बाजूने डोक्यावर छप्पर द्यायचं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

शंभराहून जास्त वर्षं उलटली. करार अजून एकतर्फीच आहे.

हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप २०१५ च्या जुलैपासून थांबली. ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्र्याने विद्यापीठात राष्ट्रविरोधी राजकारण चालतं असं पत्र दिल्लीला लिहिलं. पुढे निलंबन झालं, वसतिगृहातून बाहेर काढलं, आणि १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. त्याची सात महिन्यांची फेलोशिप तेव्हा येणं होती. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, रामदास प्रिनी शिवानंदन हा केरळचा दलित पीएच.डी. विद्यार्थी अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय फेलोशिपवर शिकत होता. जानेवारी २०२४ मध्ये तो दिल्लीच्या मोर्चात गेला, एक माहितीपट बघायचं आवाहन केलं. एप्रिलमध्ये त्याला दोन वर्षांसाठी काढलं. हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये अर्ज फेटाळला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निलंबन कमी केलं तेव्हा पीएच.डी. पुरी करायची वाट मोकळी झाली. त्याच टिसने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली की व्यवस्थाविरोधी, देशभक्तीला न शोभणाऱ्या चर्चांत आणि निदर्शनांत भाग घेणार नाही. या टिसचा एक परिसर आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरला आहे. तेव्हा ही मुंबईची गोष्ट आहे असं समजून कुणी कूस बदलू नये.

आता मी माझ्या कामावर येतो.

मी गायरान जमिनीवर पीएच.डी. करतो. गायरान म्हणजे काय ते या पानांच्या वाचकाला सांगायला नको. आपल्या बापजाद्यांनी गावाच्या पडीक, खडकाळ रानातले दगड वेचले, नांगर नव्हता तिथे हाताने माती उकरली आणि एक-दोन एकर पोटापुरतं केलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. कागद निघाला. सातबाऱ्यावर नाव मात्र अनेकांचं अजून चढलेलं नाही. २०२२ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरान मोकळी करायच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा वस्त्यांतली चूल थंडावली होती.

मी वही घेऊन अशा रानांत फिरतो. कोण कसतो, किती वर्षांपासून, गट नंबर कोणता, पावती आहे का, गावातल्या कोणी बैल घालून पीक तुडवलं, कोणी रात्री गंज पेटवली. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "लेकरा, समदं लिवायलास ते बरं हाय. पर ही वही कुणाकुणाला दावणारायस?"

संशोधन सुरक्षा म्हणजे काय, ते या एका प्रश्नात आहे. माझी वही चीनच्या हातात पडली तर चीनला तिचा काडीचा उपयोग नाही. ती गावच्या वाड्यावर पोचली तर चार घरं उठतील. तहसीलच्या टेबलावर चुकीच्या वेळी पोचली तर उभ्या सोयाबीनमध्ये जेसीबी शिरेल. माझ्या संशोधनाचा शत्रू हिमालय ओलांडून येत नाही. तो पारावर बसलेला असतो, आणि कधी कधी विद्यापीठाच्या समितीवरही त्याचाच पाहुणा असतो.

आपल्याकडे पीएच.डी.च्या पोरांना एक वर्ग सक्तीचा आहे. यूजीसीने २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' नावाचा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम लावला. त्याचे सहा घटक. तत्त्वज्ञान आहे, वाङ्मयचोरी आहे, नियतकालिकं आहेत, संशोधनाचं मोजमाप आहे. मी तो केला आहे आणि त्याला नावं ठेवत नाही. चोरी करू नये हे शिकवलं पाहिजे. पण वस्तीत जाऊन माणसांकडून घेतलेली माहिती कशी जपायची, यावर त्यात वेगळा घटक नाही. नावं कशी बदलायची, गट नंबर कुठे गाळायचा, वही कुठे ठेवायची, पोलिसाने किंवा पुढाऱ्याने मागितली तर काय सांगायचं, विद्यापीठ त्या वेळी माझ्यामागं उभं राहील का? हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी त्या म्हाताऱ्याकडून शिकलो. त्याच्या नावाचा कागद मी वेगळा ठेवतो आणि प्रबंधात त्याचं गाव येणार नाही.

मग कुणी शहाणा विचारील, देशाची सुरक्षा नको का तुम्हाला? पाहिजे. का नको? सीमेवर मरणाऱ्यांत आमची पोरं आहेतच की. क्षेपणास्त्राचा आराखडा बाजारात मांडावा असं कुणी म्हटलेलं नाही. परदेशी पैसा घेणाऱ्याने तो उघड सांगावा, यात वावगं काय? पण दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट: गुपित ज्यांच्या हाती असतं ते कोण आहेत? मे २०२३ मध्ये पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना एटीएसने अटक केली. पाकिस्तानी हेर बाईला माहिती पुरवल्याचा आरोप, शासकीय गुपितांचा कायदा लावलेला. खरंखोटं ठरवणं हे कोर्टाचं काम, ते कोर्टाने करावं. मी एवढंच विचारतो, अशा खुर्चीपर्यंत पोचलेल्या माणसाने गोपनीयतेच्या किती सूचना वाचल्या असतील, किती कागदांवर सह्या केल्या असतील? आणि त्या अटकेनंतर त्यांच्या जातीच्या, त्यांच्या पेठेतल्या किती पोरांकडे कुणी वळून संशयाने बघितलं? एकाकडेही नाही, आणि बघूही नये. हाच न्याय आम्हाला लावा. आमच्यातला एक मोर्चाला गेला की सगळ्या वसतिगृहाकडून हमीपत्र का?

दुसरी गोष्ट: ज्ञान कुलपात ठेवून वाढत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या जिल्ह्यात किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. हा भाग स्थिर खडकाचा समजला जायचा. देशी-परदेशी शास्त्रज्ञ आले. हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने किल्लारीत खोल विंधन घेतलं, तेव्हा तीनशेहून जास्त मीटर काळ्या पाषाणाच्या खाली जुना खडक लागला. ते निष्कर्ष जगभर छापले गेले. स्थिर म्हटलेल्या जमिनीतही भूकंप होतो, हे जगाने किल्लारीवरून शिकलं. मेलेल्या माणसांबद्दलचं ज्ञान 'अंतर्गत बाब' म्हणून दाबलं असतं तर कुणाची सुरक्षा झाली असती?

आणि आता पैशाचं बोलू. त्याशिवाय सुरक्षेची गोष्ट पुरी होत नाही. बार्टीच्या २०२२ च्या तुकडीतले ८६१ संशोधक २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसले होते. ग्रंथालयात बसायचं वय मैदानात गेलं. सरकार म्हणालं, निम्मी फेलोशिप देतो. निम्मं पोट भरून पुरा प्रबंध लिहा! डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार, असा सवाल केला. जुलै २०२५ मध्ये नॅशनल ओव्हरसीजसाठी १०६ जणांची निवड झाली आणि पहिल्यांदा पत्रं गेली ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना सांगितलं, पैसा उपलब्ध झाला तर बघू.

माझी स्वतःची फेलोशिप अकरा महिने अडकली होती. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. एकदा प्रगती अहवालावर शिक्का फिका उमटला म्हणून परत, एकदा खोलीभाड्याची पावती जुन्या नमुन्यात म्हणून परत. त्या अकरा महिन्यांत माझी आई मुरुडच्या शिवारात दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपत होती आणि मी गाईडला सांगत होतो, सर, तिसरं प्रकरण झालंच बघा.

अमेरिकेच्या वर्गात शिकवतात की परदेशी हस्तक पैशाचं आमिष दाखवतात. मग साधं गणित करा. कोणाला आमिष लागतं? ज्याला वेळेवर ताट मिळत नाही त्याला. उपाशी ठेवलेला संशोधक ही देशाच्या सुरक्षेतली सगळ्यात मोठी फट आहे, आणि ती सरकारने स्वतःच्या हाताने पाडलेली आहे. आमची पोरं तरीही विकली जात नाहीत, हा त्यांचा स्वाभिमान. त्याचं श्रेय तुमच्या हमीपत्राला नाही.

याच मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारून जाळलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. विद्यापीठाच्या दारासाठी ज्यांनी जीव दिला, त्यांच्या नातवाला तुम्ही दारात उभं करून विचारणार, तू देशाचा का परक्याचा?

म्हणून भावांनो, बहिणींनो, उद्या हा सुरक्षा-वर्ग आपल्याकडे आला तर पळून जाऊ नका. वर्गात पहिल्या बाकावर बसा. तो मराठीत घ्या म्हणा. त्यात गायरानच्या वहीचा धडा घाला म्हणा. आणि सही करायची वेळ आली की आपला कागद पुढे करा, आणि सांगा, साहेब, हमीपत्र आधी तुम्ही लिहून द्या. त्यात एवढं लिहा:

एक. फेलोशिप दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा होईल. उशीर झाला तर ज्याच्या टेबलावर फाईल थांबली त्याचं नाव जाहीर होईल.

दोन. जात, जमीन, अत्याचार, इतिहास, कोणताही विषय पैशाच्या जोरावर बंद केला जाणार नाही. देशात नाही, परदेशातही नाही.

तीन. गुपित विषयांची यादी छोटी असेल, छापील असेल, आणि तिच्याविरुद्ध दाद मागायला जागा असेल.

चार. संशयावरून कुणाची फेलोशिप, खोली किंवा नोंदणी थांबणार नाही. आधी पुरावा, मग सुनावणी, मग निर्णय.

पाच. संशोधकाला माहिती देणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याही वाड्यावर किंवा ठाण्यात पोचणार नाही, याची जबाबदारी विद्यापीठाची राहील.

खाली तारीख घाला, शिक्का मारा. शिक्का फिका उमटला तर आम्ही परत पाठवू.

जय भीम.